चिडलेल्या माणसांचा अभ्यास

चि. ईशान,



फिल्म क्लबातून परतल्यावर रात्री तू जे लांबलचक लिहिलंस ते नीट वाचलं. तुझ्या तक्रारी तीन. अर्धा सिनेमा मीटिंगमध्येच जातो, ही पहिली. माणसं मरत असताना ही मंडळी ठराव कसले मांडत बसतात, ही दुसरी. आणि कार्यालयांत घुसून लाल रंग फेकणं तुला पटलं नाही, ही तिसरी. फोनवर तू ‘हो आत्या, बरं आत्या’ करून सुटका करून घेतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शिवाय तू फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे गेली. या सिनेमावर आपल्या दोघांचं बोलणं इतरांपेक्षा जरा जास्तच व्हायला हवं.

‘१२० बीपीएम’ हा २०१७ सालचा सिनेमा. कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं, पुढच्या वर्षी फ्रान्सचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सेझार मिळालं. ते तू पोस्टरवर वाचलं असशीलच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. दिग्दर्शक रोबँ कांपियो आणि त्याचा सहलेखक फिलिप मांजो, दोघेही तरुणपणी ‘अ‍ॅक्ट अप-पॅरिस’ या एड्सबाबत लढणाऱ्या संघटनेत होते. सिनेमात दिसणाऱ्या त्या उतरत्या बाकांवर ते स्वतः बसलेले आहेत. बाहेरच्या कुणी ही गोष्ट केली असती तर दोन मोर्चे, एक हॉस्पिटलची खाट आणि थोडे अश्रू यांवर काम भागवलं असतं. यांनी मीटिंगा ठेवल्या, कारण सगळं घडलं ते तिथेच.

तू त्या मीटिंगांना कंटाळलास. मी मात्र तो भाग पुन्हा मागे नेऊन बघितला. नव्याने आलेल्या चौघांना नियम समजावून सांगतात तो प्रसंग आठव. टाळ्या वाजवायच्या नाहीत, पटलं तर चुटक्या वाजवायच्या, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज बुडत नाही. वाद सभागृहातच घालायचे, बाहेर व्हरांड्यात कुजबुज नको. आणि तिसरा नियम: संघटनेत आलात की जगापुढे तुम्हीही एचआयव्हीबाधित, मग तपासणीचा निकाल काहीही असो. हा नियम ज्याला कळला त्याला सिनेमा कळला. नातान हा नायकांपैकी एक, त्याला संसर्ग झालेला नाही. पण रस्त्यावर, पोलिसांपुढे, कॅमेऱ्यापुढे तो आणि त्याचा बाधित प्रियकर शॉन यांच्यात भेद नाही. १९९० च्या सुमाराला ‘मला नाही हो तसलं काही’ हे सांगायला सगळं जग उतावीळ झालेलं असताना या मुलांनी ती पळवाटच बंद केली.

पहिल्याच प्रसंगानंतरचा वादही विसरू नकोस. एका सरकारी अधिकाऱ्याच्या व्याख्यानात ही मंडळी घुसतात, ठरल्यापेक्षा आधीच कुणीतरी लाल रंगाचा फुगा फेकतो, तो थेट त्या माणसाच्या अंगावर फुटतो, आणि दुसरं कुणीतरी त्याला बेड्या घालून खांबाला अडकवतं. आपल्याकडच्या सिनेमात इथे पार्श्वसंगीत वाढलं असतं. इथे लगेच आठवड्याची बैठक आणि उलटतपासणी: हे ठरलं होतं का, कुणी ठरवलं, याने आपलं नुकसान झालं की फायदा? सोफी ही कार्यकर्ती चिडते, शॉन हसतो, प्रत्येक जण तोच प्रसंग वेगळा सांगतो. आपल्या कृतीचा हिशेब त्याच आठवड्यात भर सभेत मागणारी चळवळ मी फारशी पाहिलेली नाही.

आता तुझ्या विषयाकडे येते. ते बोलतात कशाबद्दल? टी-फोर या प्रतिकारपेशींची संख्या, एझेडटीचे डोस, डीडीआय हे त्यानंतरचं औषध, नव्या प्रोटिएज रोधकांच्या चाचण्यांत कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं. सबटायटल्स वाचताना तुझी दमछाक झाली असेल, पण तू परीक्षेसाठी जे घोकतोस तेच हे लोक जीव वाचवायला शिकत होते. त्यात नट होते, विद्यार्थी होते, हिमोफिलिया असलेला एक शाळकरी मुलगा आणि त्याची आई होती.

एझेडटीची गोष्ट तुला पुस्तकात फक्त रचनेसकट दिलेली असेल, म्हणून तिचा पूर्वेतिहास सांगते. हा रेणू १९६४ साली डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी बनवला, कर्करोगावर औषध शोधताना, अमेरिकी सरकारच्या संशोधन निधीवर. कर्करोगावर तो चालला नाही आणि बाजूला पडला. वीस वर्षांनी लक्षात आलं की एचआयव्ही ज्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज विकरावर जगतो त्याला हा रेणू अडवतो. मार्च १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बरोज वेलकम कंपनीने वर्षाच्या उपचाराची किंमत लावली सुमारे १०,००० डॉलर. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मूळ ‘अ‍ॅक्ट अप’ उभी राहिली. लॅरी क्रेमर या नाटककाराच्या एका भाषणानंतर जमलेल्या लोकांनी ती काढली. सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांच्यातले सात जण खोटी ओळखपत्रं लावून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरले, सज्जाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं आणि फलक सोडला. काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली.

तुला वाटेल, बघा, आरडाओरडा केला की काम होतं. अर्धवट खरं आहे. त्याच न्यूयॉर्कच्या संघटनेत उपचार आणि आकडेवारीची वेगळी समिती होती. ज्यांनी कॉलेजात विज्ञान घेतलंही नव्हतं अशा लोकांनी विषाणूशास्त्राची पुस्तकं आणून एकमेकांना शिकवलं. मग अन्न आणि औषध प्रशासनापुढे ते गेले ते मागणी घेऊनच, आणि मागणी कागदावर नीट मांडलेली: मृत्यूची वाट बघणाऱ्या रुग्णाला निव्वळ साखरेची गोळी देऊन तुलना करू नका, जे चाचणीत बसत नाहीत त्यांना चाचणीबरोबरीने, वेगळ्या मार्गाने औषध द्या. डीडीआयच्या बाबतीत १९८९ मध्ये तसा मार्ग काढला गेला. चाचण्यांतले काही रुग्ण आपल्या गोळ्या आपसांत वाटून घेत, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात निदान थोडं तरी खरं औषध जाई. चाचणी आखणाऱ्या शास्त्रज्ञाचा याने किती संताप होईल ते तुझ्या बायोस्टॅटच्या सरांना विचार. आणि मग त्यांनाच विचार, रुग्णांनी आखणीच्या वेळी टेबलाशी बसणं हा उपाय चांगला की वाईट.

फ्रान्समध्ये १९९२ साली पाच संघटनांनी मिळून ‘टीआरटी-५’ नावाचा गट केला. त्याचं काम हेच: चाचण्यांचे आराखडे वाचायचे, हरकती घ्यायच्या, कंपन्यांना आणि सरकारी संशोधन संस्थेला समोर बसवायचं. सिनेमात ज्या औषधकंपनीत घुसून रंग फेकतात ती कंपनी काल्पनिक आहे, पण मागणी खरी: तुमच्याकडे चाचणीचे निष्कर्ष आहेत, ते आत्ता द्या. पुढे त्याच कंपनीची माणसं टेबलापलीकडे बसून उत्तरं देतात, आणि प्रश्न इतके नेमके येतात की त्यांना कागद चाळावे लागतात. मला विचारशील तर सिनेमातली सगळ्यात थरारक जागा ती आहे. रंगाचा फुगा कुणीही फेकेल.

अभ्यासामुळे भांडणं मिटली असं मात्र समजू नकोस. उलट वाढली. १९९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्सच्या कॉनकॉर्ड चाचणीचे निष्कर्ष आले. लक्षणं नसलेल्यांना नुसतं एझेडटी लवकर सुरू केलं तरी आयुष्य वाढत नाही, असं त्यात दिसलं. ज्या गोळीसाठी एवढा आटापिटा केला होता तिचीच ही गत. त्यानंतर न्यूयॉर्कच्या काही कार्यकर्त्यांनी सॅक्विनाव्हिर या पहिल्या प्रोटिएज रोधकाच्या वेळी उलटीच भूमिका घेतली: घाईने मान्यता देऊ नका, आधी मोठी चाचणी करा. त्यांचेच जुने साथी त्यांच्यावर तुटून पडले. कोण बरोबर होतं? माझं मत घाई नको म्हणणाऱ्यांकडे झुकतं, पण माझी टी-फोर संख्या तेव्हा पन्नासवर आलेली नव्हती.

१९९५ च्या अखेरीला आणि १९९६ च्या पहिल्या महिन्यांत प्रोटिएज रोधक आले. विषाणूची प्रथिनं आधी एका लांब साखळीत तयार होतात आणि प्रोटिएज तिचे तुकडे पाडतो; तो अडवला की बाहेर पडणारे विषाणू निकामी निघतात. दोन जुन्या औषधांबरोबर हे तिसरं दिलं की विषाणूला एकाच वेळी तिन्ही बाजूंनी बदलणं जमत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर गेली. पण फ्रान्समध्ये सुरुवातीला पुरेशा गोळ्याच नव्हत्या, आणि तिथल्या राष्ट्रीय एड्स परिषदेने सुचवलं की चिठ्ठ्या टाकून रुग्ण निवडावेत. गदारोळ झाला आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. सिनेमाची गोष्ट याच्या आधी संपते. म्हणून शॉनचा शेवट अधिक लागतो: औषध येणार हे आपल्याला माहीत असतं, त्याच्या हातात वेळ नसतो.

आता त्या लाल रंगाबद्दल. पॅरिसच्या प्रेक्षकाला तो रंग बघून जे आठवतं ते तुला कुणी सांगितलं नसणार. १९८५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राने, दूषित आहेत हे माहीत असूनही, रक्त गोठवणारी द्रव्यं हिमोफिलियाच्या रुग्णांना देणं चालू ठेवलं. उष्णता देऊन शुद्ध केलेला माल मिळू शकत होता; जुना साठा मात्र वापरत राहिले. केंद्राचे प्रमुख मिशेल गारेता यांना १९९२ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे माजी मंत्र्यांवरही खटला चालला. सिनेमातली ती आई आणि तिचा मुलगा त्या पापाचे साक्षीदार आहेत. ते बघितल्यावर खोटं रक्त सांडल्याची तक्रार ऐकायला कशी वाटते बघ. खऱ्या रक्ताचा हिशेब सरकारी दप्तरात मिळत नव्हता, म्हणून यांनी खोटं रक्त भिंतीवर फेकलं. बेड्या घातल्या ते मलाही आवडलेलं नाही, आणि सिनेमाही त्याचं समर्थन करत नाही. पण १ डिसेंबर १९९३ ला याच संघटनेने पॅरिसच्या कॉन्कॉर्ड चौकातल्या त्या उंच स्तंभावर प्रचंड गुलाबी निरोध चढवला होता, तो फोटो जरूर शोधून बघ. त्यात संताप आहे आणि मिश्कीलपणाही.

शॉन आणि नातानच्या प्रेमाबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. संकोचलास की तुला त्यात काही विशेष वाटलं नाही? दुसरं असेल तर मला आनंद आहे. तुझ्या वयाच्या मुलांना, समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवणाऱ्या २०१८ च्या निकालानंतरचा देश मिळाला आहे. सिनेमाही त्यांच्या नात्याची वकिली करत नाही. दोघं नाचतात, भांडतात, एकजण दुसऱ्याची सलाइन बदलतो. रात्री नाचून दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकं वाटायला जाणारी ती मुलं मला फार आवडली. रडत बसायला त्यांना सवड नव्हती.

आपल्याकडचं काही सांगितल्याशिवाय हे पत्र तुझ्या उपयोगाचं नाही. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केलं, त्यात संसर्ग आढळला, आणि तिथल्या आरोग्य कायद्याच्या आधारे पोलिसांनी त्याला उचलून म्हापशातल्या एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. मुंबई उच्च न्यायालयात खटला गेला. अलग ठेवण्याचा कायदा मात्र न्यायालयाने तेव्हा ग्राह्य ठरवला. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला, पण त्याआधी बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढून गेला. ओनिरचा ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) त्याच्यावरून सुचलेला. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघ. निखिलच्या पाठीशी बहीण आहे, मित्र आहे, जिवाभावाची दोनचार माणसं आहेत. शॉनच्या पाठीशी भरलेलं सभागृह आहे. पॅरिसच्या त्या सभागृहाच्या जवळ जाणारं महाराष्ट्रात काही असेल तर ते सांगलीत: मीना शेषू यांची ‘संग्राम’ आणि तिच्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिथे वेश्याव्यवसायातल्या बायकांनी निरोध वाटण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही, स्वतःच घेतलं. तुमच्या क्लबाला कधी त्यांना बोलवावंसं वाटलं तर मी भाडं देईन.

माझ्या खिडकीवर त्या काळात काय होतं ते थोडक्यात सांगते. नाव घेत नाही, मुंबईतलं एक मोठं रुग्णालय. चिठ्ठी घेऊन माणूस येई, किंमत विचारी, चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवी आणि निघून जाई. काही जण एक महिन्याच्या गोळ्या नेत आणि परत दिसत नसत. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी विषाणू औषधाला सरावतो, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही सांगितलं जाई. सांगून काय होणार?

आणि औषध बनत होतं इथेच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. पद्धत वेगळी काढली की तेच औषध बनवायला मोकळीक. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटीची पद्धत बसवली आणि सिप्लाने ते बाजारात आणलं. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेला, प्रामुख्याने आफ्रिकेसाठी. श्रीमंत देशांत तेव्हा त्याच उपचाराला वर्षाला १०,००० डॉलरच्या वर पडत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ औषधकंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर घातलेला खटला मागे घेतला. तिथे झॅकी अख्मत आणि ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ रस्त्यावर होते. सगळ्यांना सरकारी दवाखान्यात मिळेपर्यंत मी औषध घेणार नाही, असं अख्मत यांनी जाहीर केलं आणि आजारी पडूनही बराच काळ पाळलं. मुंबईच्या कंपनीचं औषध आफ्रिकेत स्वस्त झालं. मुंबईत ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला. ज्या आठ केंद्रांत सुरुवात झाली त्यांत जे. जे. रुग्णालय होतं. मधली तीन वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. माझं मत विचारशील तर आपल्याकडे रसायनशास्त्रज्ञ होते, कारखाने होते, कायदाही होता. पॅरिससारखी दर आठवड्याला हिशेब मागणारी माणसं थोडी होती आणि त्यांचं मुंबई-दिल्लीत कुणी ऐकत नव्हतं.

ती माणसं पुढे वाढली, हेही सांगायला हवं. २००५ पासून आपल्याकडेही रेणूवर पेटंट मिळू लागलं. तेव्हा बाधितांच्या संघटना पेटंट कचेरीत जाऊन बसल्या. झिडोव्हुडिन (म्हणजे आपलं एझेडटीच) आणि लॅमिव्हुडिनच्या एकत्र गोळीवर ग्लॅक्सो कंपनीने मागितलेल्या पेटंटला मणिपूरच्या आणि देशपातळीवरच्या बाधितांच्या संघटनांनी २००६ मध्ये हरकत घेतली; कंपनीने अर्ज मागे घेतला. टेनोफोव्हिरवरचा अर्ज २००९ मध्ये फेटाळला गेला, त्यातही हरकत घेणाऱ्यांत बाधितांची संघटना होती. आज सरकारी केंद्रात रोज एक गोळी देतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर मिळून केलेली. त्यातलं पहिलं नाव वाचशील तेव्हा ही हरकत आठव.

तुमच्या अभ्यासक्रमात पेटंट कायदा दोन मार्कांच्या टिपेपुरता असतो, हे मला ठाऊक आहे. तरी कलम ३(घ) आणि कलम २५ मूळ कायद्यातून वाच. पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. त्यासाठी वकील असावं लागत नाही, डॉक्टर असावं लागत नाही. टेनोफोव्हिरच्या त्या अर्जावर कोणता रासायनिक मुद्दा काढला होता तो शोधून काढ, आणि दिवाळीत येशील तेव्हा मला कागदावर रचना काढून समजावून सांग. मीटिंगांचा भागही त्याआधी एकदा परत बघ, सबटायटल्स थांबवून थांबवून.

तुझी,
आत्या